समुद्राची रील, वैनगंगेचा डोह

माझा धाकटा भाऊ वैनगंगेच्या डोहात बुडाला होता आणि आम्ही दोघं थोरले अंगणात बसून भांडत होतो, की त्याला काढायला कोणती रील न्यायची. आज कोणाला सांगितलं तर वेड्यात काढेल. पण त्या सकाळी आमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट जगात नव्हती.

धाकटा कापड विकायचा. सावली गावाहून गठ्ठा घेऊन निघायचा, डोंग्यातून नदी पार करायचा आणि गडचिरोलीकडचे आठवडी बाजार करायचा. दसरा जवळ आला होता तरी नदी भरलेलीच होती. डोंगा डोहावर उलटला, बाकीचे पोहून निघाले, हा निघाला नाही. पोहणं त्याला आम्हा दोघांपेक्षा चांगलं येत होतं, म्हणून खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला त्याचा रागच आला. नदीत मासे धरणाऱ्या ढिवरांनी जाळी टाकली, डुबक्या मारल्या. बुडालेला माणूस दोन दिवसांत आपणहून वर येतो, हा आला नाही म्हणजे खाली धरून ठेवलाय कशानं तरी, असं ते म्हणाले. मग त्यांनी लोखंडी गळ आणला. विहिरीत पडलेली बादली काढतात तसाच, पण एकेक आकडा हाताच्या पंजाएवढा.

अम्मी काठावरच बसून होती. गळ दिसताच ती उठली आणि तिनं दोर धरला.

"माया पोराले आकडा नाई लावाचा," ती म्हणाली. "मेलेल्यालेबी दुखते."

आमच्यात मय्यतीला जिवंत माणसासारखंच जपतात, आंघोळीचं पाणीही कोमट घेतात. ढिवरांचा म्होरक्या समजदार म्हातारा होता, त्यानं वाद घातला नाही, गळ डोंग्यात टाकून दिला. पण मग माणूस काढायचा कसा, हे त्यालाही सुचेना.

भाईजान, म्हणजे आमचा सगळ्यात मोठा, गल्फमध्ये एका साहेबाच्या बोटीवर कामाला होता. नुकताच कायमचा परत आला होता. समुद्रात मासे धरायची एक तऱ्हा तो रोज आम्हाला ऐकवायचा आणि आम्ही रोज त्याची टर उडवायचो. वीतभर लांब शिशाचा मासा खोल पाण्यात सोडायचा, काठीनं सावकाश उचलायचा, मग दोर ढिला करायचा. शिसं आडवं होऊन डुलत खाली जातं आणि तळाला काय आहे ते हाताला कळतं. त्याला आकडा एकच, बोटाच्या पेराएवढा, सुती दोरीनं बांधलेला. भाईजाननं तो आकडा आणून अम्मीच्या तळहातावर ठेवला. अम्मीनं त्याच्या टोकावर बोट फिरवून पाहिलं.

"कपड्यालेच लावजा," ती शेवटी म्हणाली.

आता रील. रील म्हणजे काठीला बसवायची दोर गुंडाळणारी चरखी. भाईजाननं दोन आणल्या होत्या. एक मोठी, चकचकीत, सोनेरी, मूठ एकदा फिरवली की हातभर दोर आत घेणारी. दुसरी लहान, ढोलकीसारखी गोल, रंग उडालेली, मंद चालणारी. त्याला मोठीच न्यायची होती. तो तिला पोरीसारखं फडक्यात गुंडाळून ठेवायचा.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. ते काम अम्मीच्या मशीनवर शिकलो, जिच्यावर ब्लाउज-परकर शिवून तिनं आम्हा तिघांना वाढवलं. मशीन असो की रील, ओढ बसल्यावर ती कशी सोडते ते आधी पाहावं लागतं. रीलला ब्रेक असतो. जोर आला की त्यानं दोर सरकू द्यायचा. मी मोठीचा दोर दाराच्या कडीला बांधला आणि रील घेऊन मागे गेलो. ती आधी सोडेचना, मग एकदम झटका देऊन सुटली. समुद्राच्या मिठानं आतल्या चकत्या धरल्या होत्या. लहानीनं मात्र लोण्यातून सुरी जावी तसा दोर दिला. मी म्हटलं, हीच न्यायची, झटका बसला की आकडा कापड फाडून अंगात जाईल.

भाईजान भडकला. म्हणाला, गाईएवढा मासा काढलाय मी हिच्यावर, तू समुद्र तरी पाह्यला का?

"तो मासा होता," मी ओरडलो. "हा आपला आहे, भाईजान."

त्यानं मोठी रील फडक्यात न गुंडाळताच खाली ठेवली आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

म्हाताऱ्यानं डोंगा धरला, भाईजान काठी उचलत आणि सोडत राहिला. आधी खोड लागलं, मग कोणाचं तरी जुनं जाळं. दुपारी काठी वाकली आणि सरळ होईना. भिजलेली गादी ओढावी तसं काहीतरी होतं. धार ओढायची, रील गुमान दोर द्यायची, भाईजान पुन्हा मूठ फिरवायचा. असं करत करत धाकटा वर आला. कापडाचा गठ्ठा त्यानं कमरेला बांधून घेतला होता, माल वाहून जाऊ नये म्हणून. त्या गठ्ठ्यानंच त्याला खाली धरलं होतं, आणि आकडाही त्या गठ्ठ्यातच रुतला होता. चेहरा सुजलेला होता, पण अंगावर ओरखडा नव्हता. मला आनंद झाला. हो, आनंदच झाला, लाज कशाची.

काठावर हवालदार उभा होता. बुडून मेला म्हणजे पोस्टमॉर्टेम करावंच लागते, भाऊ, असं तो हळू आवाजात म्हणाला. आम्ही हात जोडले. त्याच्या हातात काही नव्हतं आणि त्यालाही वाईट वाटत होतं. धाकट्याला दवाखान्यात नेलं. अम्मीला बायकांनी आधीच घरी नेलं होतं; त्यांना सांगितलं, सरकारी सहीसाठी नेलंय.

आंघोळ आम्ही दोघांनी घातली. गळ्याखालून पोटापर्यंत पोत्याच्या तोंडासारखी शिवण होती, जाड दोऱ्याची, लांब लांब टाक्यांची. भाईजान पाणी टाकत होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता. आम्ही घाईघाईनं कफन बांधलं.

शेवटचं तोंड पाहायला अम्मी आली. चेहऱ्यावरून हात फिरवून तिनं तो कफनावरूनच त्याच्या छातीवर ठेवला. हात तिथंच थांबला. मग गिऱ्हाइकाचं काम तपासताना फिरायची तशी तिची बोटं त्या शिवणीवरून खाली सरकत गेली. मी म्हणालो, अम्मी, आकडा नाही लागला त्याला, कसम घेतो.

"मालूम आहे," ती म्हणाली. "पण मले बोलवाचं होतं ना रे. मी बारीक टाके घातले असते."