डॉक्टर संगणकाशी बोलायचे तेव्हा

बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर मी कुंभकोणमला एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागले. वडील पापनाशमला शिवणकाम करत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली, आणि ओळखदेख नसताना डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं, हे मी अजून विसरलेले नाही.

डॉक्टरही आमच्यासारख्याच तंजावूरकडच्या मराठी घरातले. दात तपासता तपासता ते मला आमच्या जुन्या वळणाच्या मराठीत सांगत आणि मी कार्डावर लिहीत असे. खुर्चीतल्या तमिळ माणसाला त्यातलं काही कळत नसे, म्हणून तो निवांत पडून राही. चूळ भरून झाली की मग डॉक्टर त्याच्या कलाने त्याला तमिळमध्ये समजावत. या रीतीत काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या पुतण्याने एक प्रोग्राम आणि डोक्याला लावायचा माइक पाठवला. डॉक्टर बोलतील ते संगणक ऐकणार आणि रुग्णाच्या नोंदीत उतरवणार. लिहिण्यातून सुटले की मला उपकरणं हातात द्यायला मोकळीक मिळणार होती. आवाजाची ओळख व्हावी म्हणून डॉक्टर रोज दुपारी त्याला उतारे वाचून दाखवत. मात्र त्याला फक्त इंग्रजी समजे, तेही एकेक शब्द सुटा, थांबून म्हटला तर.

जवळच्याच मेलकावेरीचे, सनईसारखं नागस्वरम् वाजवणारे एक गृहस्थ आमच्याकडे येत. तै या तमिळ महिन्यातली, जानेवारीतली लग्नं तोंडावर आली होती आणि त्यांचा वरचा पुढचा दात हलू लागला होता. त्या वाद्याची पत्ती ओठांत धरतात आणि ओठांना आधार पुढच्या दातांचा. तो दात गेला तर त्यांचा हंगाम जाणार होता.

डॉक्टरांनी तपासून माइकमध्ये सांगायला सुरुवात केली. "टू. वन. मोबाईल." टू-वन हा त्या दाताचा क्रमांक, मोबाईल म्हणजे हलणारा. थोडं थांबून, "एक्स्ट्रॅक्शन."

एक्स्ट्रॅक्शन म्हणजे दात काढणं, एवढं इंग्रजी गावात सगळ्यांना येतं. गृहस्थ उठले, अंगवस्त्र खांद्यावर टाकलं आणि निघून गेले. तारेने बांधून दात टिकला नाही तरच काढायचा, हे वाक्याचं उरलेलं अर्धं डॉक्टरांच्या तोंडातच राहिलं.

"आठवडाभरात बांधला तर राहील तो," डॉक्टर मला मराठीत म्हणाले. "पुढे माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मेलकावेरीला पाठवलं. गृहस्थ ओट्यावर बसले होते, वाद्य गवसणीतच होतं. मी तारेचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "अम्मा, दात माझा. बातमी आधी त्या पेटीला का?"

डॉक्टरांकडूनच ऐका, एवढं मी म्हणाले. संध्याकाळी गृहस्थ दवाखान्यात आले, पण माइक दिसला तर परत जाईन असं दारातूनच बजावलं. डॉक्टरांनी तो काढून माझ्याकडे दिला. शेजारच्या दातांना बारीक तार घालून त्यांनी तो दात बांधला, मग स्टूल ओढून समोर बसले. दात किती हलतो, काय जपायचं, कधी दाखवायला यायचं, आणि इतकं करूनही टिकला नाही तर काय, हे सगळं तमिळमध्ये सांगितलं. शेवटचं सांगताना त्यांनी आवाज खाली आणला नाही. गृहस्थांनी पत्ती धरल्यासारखे ओठ मिटून पाहिले.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे हात करून माइक मागितला, पण डोक्याला लावला नाही. हातातच धरून त्यांनी विचारलं, "आता संगणकाला सांगू?"

गृहस्थांनी थोडा विचार केला आणि होकारार्थी मान हलवली.