स्पॅनिशमधलं जाणं

वर्तमानपत्रातली नोकरी सुटली, त्याच सुमारास वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. आई आधीच गेली होती. नाशिकच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच उरलो. पुण्यातल्या एका कंपनीला स्पॅनिश येणारी माणसं हवी होती, म्हणून मी घरबसल्या ऑनलाइन वर्गात ती भाषा शिकू लागलो.

'इर' म्हणजे जाणे. त्या भाषेत या क्रियापदावाचून पान हलत नाही. मी जातो, 'बोय'. संध्याकाळी स्वयंपाक करणार असेल, तरी स्पॅनिश माणूस 'स्वयंपाक करायला जातो' अशा धर्तीवर बोलतो. पुढे जे काही करायचं, त्यासाठी आधी निघायचं.

वर्गात बाईंनी एकदा विचारलं, "आतून कोणी हाक मारली तर काय म्हणाल?" मी 'येतो' या अर्थाचं 'बेंगो' सांगितलं. बाई हसल्या. तिथेही 'बोय'च. बोलणारा स्वतःच्या जागेवरून निघतो. आपण 'आलो' म्हणतो. खुर्चीतून उठायच्या आत पोचलेले असतो.

वर्ग संपायच्या आधीच आतून हाक आली.

"आलो, अण्णा."

मी उशी सरळ करत असताना ते म्हणाले, "पेपरात होतास तेव्हा घरात नव्हतास. आता घरात आहेस, तर स्पेनात."

नोकरी मिळाली. ऑफिसात रोज हजर राहणं सक्तीचं होतं. निफाडची बहीण द्राक्षांच्या तोडणीत अडकलेली, म्हणून दिवसरात्र राहणाऱ्या एक मावशी ठरवल्या. सोमवारी सकाळी बॅग घेऊन मी पलंगापाशी उभा राहिलो.

"येतो, अण्णा."

यावर समोरच्याने 'ये' म्हणायचं असतं. बाकी काही नाही.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी."

"कोणत्या?"

मावशींना हसू आलं. अण्णांना नाही. पहिल्या शनिवारी प्रशिक्षण होतं, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नव्हतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. 'ये' काही म्हणाले नाहीत.

बसस्थानकावर पुण्याची गाडी लागलेली होती. खिडकीची जागाही रिकामी होती. गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर उभा राहिलो, मग घराकडे जाणारी रिक्षा केली.

दुपारी कंपनीतून फोन आला. मी आणि मावशी तेव्हा अण्णांना कुशीवर वळवत होतो.