आत्याचा मोडलेला सोमवार

शिवमंदिराजवळच्या टपरीवर साबुदाण्याची खिचडी परतल्याचा वास आला, की मला बुवापाड्यातली आत्या आठवते. एकुलता मुलगा सुखरूप राहावा म्हणून तिने वर्षानुवर्षं सोमवार धरले होते. मग मधुमेह निघाला, डॉक्टरांनी उपवास बंद केले. त्याच सुमारास शेजारीण तिला प्रार्थनेला घेऊन गेली. मीही गेलो, यात मेख कुठे आहे ते शोधायला.

पास्टर कडक इस्त्रीत होते. एवढ्याशा खोलीत त्यांना माइक लागत होता. म्हणाले, "तारण कृपेने मिळतं. किंमत प्रभूने वधस्तंभावर चुकवली. आपण फक्त विश्वास ठेवायचा."

"आणि उपवास?" आत्याने विचारलं.

"त्याने तारण मिळत नाही, मावशी."

"म्हणजे आपण काहीच करायचं नाही? असं फुकट कोण देतं हो?"

मलाही हेच विचारायचं होतं.

पुढच्या सोमवारी दुपारी मी तिच्याकडेच होतो; तिने भाकरी वाढून घेतली. मुलगा कंपनीत, पहिल्या पाळीला. ती एक घास खायची आणि दाराकडे बघायची.

"तो पास्टर खोटं बोलला असला तर रे?"

"अगं, खा तू," मी हसलो.

तेव्हा मला तो तिचा भोळेपणा वाटला. आता वाटतं, मुलाचा जीव पणाला लावून विश्वास त्या दिवशी तिनेच ठेवून पाहिला, तोही धास्तावत.

पाळी सुटायची वेळ टळून गेली, तरी मुलगा आला नव्हता. सोमवार न मानणारा आणि पास्टरवर काडीचा भरवसा नसलेला मी उठून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो.