मुंबईकर येईपर्यंत

"मुंबईकर आल्याबिगर मयत हलवायचं नाय," असं म्हणून गंगाराम ओटीवरच्या खांबाला टेकून बसला.

त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. मी मात्र सारखा घड्याळाकडे बघत होतो. अंगणात जीप उभी होती, ड्रायव्हर ताटकळला होता आणि मे महिन्याचं ऊन चढत होतं. महाड-पोलादपूरचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला जास्त सांगायला नको. आत गुरुजी झोपल्यासारखे पडले होते. पहाटे झोपेतच गेले. त्यांचा देह मुंबईच्या मेडिकल कॉलेजला द्यायचा, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि तो पोचवायची जबाबदारी माझ्यावर टाकली होती.

गुरुजी पोलादपूरच्या अलीकडे सावित्रीकाठच्या बौद्धवस्तीत राहायचे. आयुष्यभर शाळेत शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मी तेव्हा महाडला सर्जन म्हणून प्रॅक्टिस करत होतो. त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन मी केलं. टाके काढायला आले आणि मलाच प्रश्न विचारत बसले. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात त्यांची फेरी ठरलेली. पेशंट बाहेर खोळंबायचे आणि आत आमचं यकृत-प्लीहा चालायचं.

एकदा मी त्यांना सर्जरीचा इतिहास सांगत होतो. आपल्याकडचे जुने शल्यवैद्य प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचे. ते मऊ पडलं की वाळ्याच्या कुंच्याने एकेक थर खरवडून आतली रचना बघायचे. पुढे प्रेताला शिवणं विटाळाचं झालं. वैद्यांकडे श्लोक उरले आणि सुरी न्हाव्याच्या धोकटीत गेली. युरोपातही वेगळं नव्हतं. प्रोफेसर उंच खुर्चीवरून पोथी वाचायचा आणि खाली चिरफाड करायचा तो हलक्या कामाचा माणूस. पोथीतल्या चुका शेकडो वर्षं तशाच राहिल्या. वाचणारा बघत नव्हता आणि बघणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. वाचणाराच खाली उतरला, सुरी स्वतःच्या हातात घेतली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्याकडचं ते प्रेत उचलून पाण्यात कोणी ठेवलं, ते लिहिलंय का?"

मी म्हटलं, नाही.

"मग आमच्यातलाच असणार," ते हसून म्हणाले. "माझा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. कातडं सोलताना कुठली शीर कुठं जाते, हे त्याच्या रोज डोळ्यांसमोर होतं. नावं सांगायला कुणी नव्हतं, एवढंच."

पुढच्या बाजाराला ते आले ते देहदानाचं ठरवूनच. माझ्या अंगाला सगळ्या जातींच्या पोरांचे हात लागू देत, म्हणाले, आणि नावं पाठ करू देत. त्या काळात कॉलेजला डिसेक्शनसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी कापून शिकण्यासाठी, बहुतेक बेवारशी देहच मिळायचे. आपण होऊन देणारा विरळा. मी सगळे सोपस्कार पुरे केले. माईंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. माई गप्प राहिल्या. ते गप्प राहणं आम्ही होकारात धरलं.

आणि आता गंगाराम खांबाला टेकून बसला होता. गुरुजींचा चुलतभाऊ, वस्तीतला वडीलधारा. माणूस वाईट नव्हता. मी त्याला गुरुजींची इच्छा सांगितली, सही दाखवली. त्याने कागदाला हातही लावला नाही.

"डॉक्टरसाहेब, आमी ढोरं वढायचं सोडलं ते मानसात येयाला. आता आमच्याच मानसाला फाडायला देयाचं? तिकडं बेवारशी नेतात. गुरुजी बेवारशी हाय काय?"

ज्या इतिहासामुळे गुरुजी देह देत होते, त्याच इतिहासामुळे हा माणूस अडून बसला होता. मी शेवटी माईंकडे वळलो.

"मी नाय म्हनत नाय," त्या म्हणाल्या. "त्यांचा शबुद हाय तो. पन सुधाकरला तोंड बघू द्या, मंग न्या."

सुधाकर हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मुंबईला गोदीत कामाला. आमच्या भागात हा नियमच आहे. घरटी माणूस मुंबईला, आणि तो येऊन तोंड बघेपर्यंत मयत उचलत नाहीत. आईने मुलासाठी थांबा म्हटल्यावर मी कोण पुढे बोलणार? पहाटेच पोलादपूरहून फोन गेला होता. तो लागतो मुंबईत, गावकऱ्यांच्या खोलीखालच्या वाण्याकडे. निरोप नेहमीचाच, गुरुजी गेले, सुधाकरला कळवा. वाणी निरोप पोचवतो. उलटा निरोप यायची पद्धतच नाही.

मी पोलादपूरला जाऊन कॉलेजला ट्रंककॉल लावला. अॅनाटॉमीचे प्रोफेसर स्वतः बोलले.

"बॉडी केव्हा निघतेय?"

"मुलगा आला की."

"डॉक्टर, मे महिना आहे. मुलगा येईल, पण बॉडी आमच्या उपयोगाची राहणार नाही."

त्यांचं बरोबर होतं. देह टिकवायला एम्बामिंग करावं लागतं. मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून फॉर्मलिन आत सोडायचं, म्हणजे ते अंगभर पोचतं आणि पोरांना महिनोन्महिने शिकता येतं. कुजायला सुरुवात झाली की ते नीट पसरत नाही, मग सगळं फुकट. माझ्याकडे फॉर्मलिनची एक बाटली होती, काढलेल्या गाठी तपासायला पाठवण्यापुरती. तेवढ्यात अख्खा माणूस कसा टिकणार? महाडहून बर्फाच्या लाद्या मागवल्या. भुशात गुंडाळून आणल्या तरी अर्ध्या वाटेतच वितळल्या. उरलेला बर्फ गुरुजींभोवती रचला. गंगारामने स्वतः हात लावला. पोराला बापाचं तोंड नीट दिसावं, एवढाच त्याचा हिशोब होता.

दुपार गेली, संध्याकाळ गेली. सुधाकरचा पत्ता नाही. मे महिन्यात एसटीला जागा मिळत नसते, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता.

तो आला दुसऱ्या दिवशी, ऊन तापल्यावर. तोपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं, देह कॉलेजच्या कामाचा राहिला नव्हता आणि मी जीप परत पाठवली होती. अंगणात पाऊल टाकलं तसा तो थबकला. ओटीवरच्या माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा अजून हितंच?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी थांबलो."

"माझ्यासाठी?" त्याला काही उमजेना. "बाबांनी दिवाळीतच सांगितलेलं मला. डॉक्टर मला कॉलेजात आणतील, तू तिथंच ये, तिथंच तोंड बघ. काल निरोप मिळाल्यापासून मी कॉलेजच्या गेटवर बसून होतो. संध्याकाळी शिपाई म्हणाला, महाडकडनं काय आलं नाय."

गंगारामने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. माई आतून दारापर्यंत आल्या आणि मुलाचं तोंड बघून तिथंच खाली बसल्या. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सावित्रीच्या काठी गुरुजींना अग्नी दिला. त्रिशरण झालं, पंचशील झालं. तिरडीला एका बाजूने गंगारामचा खांदा होता, दुसऱ्या बाजूने माझा. परतताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पोराचा शबुद हाय ह्ये ठावं असतं, तर मीच जीपमधी घातला असता." तो खरं बोलत होता, म्हणून जास्तच लागलं. गुरुजींनी बायकोला सांगितलं, मुलाला सांगितलं, मला सांगितलं. सगळ्यांना एकत्र बसवून मात्र कधी सांगितलं नाही. जन्मभर अख्ख्या वर्गाला एकदम शिकवणारा माणूस, एवढी एकच गोष्ट एकेकट्याला सांगून गेला.

मी आता प्रॅक्टिस सोडली आहे, पण तेव्हापासून देहदानाचं विचारायला कुणी आलं की कागद मी सगळ्यात शेवटी काढायचो. आधी सांगायचो, भावकीला बोलवा, मुंबईच्या मुलाला बोलवा आणि त्याला सगळ्यांसमोर हो म्हणू द्या. डॉक्टर उगाच नमनाला घडाभर तेल घालतो, असं लोकांना वाटायचं. वाटू दे. मरणाऱ्याच्या सहीने देह कागदावर जातो, उंबऱ्याबाहेर जात नाही.