एक जागा बाकी

तळोद्यात जीपथांब्यासमोर आमचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान. इथे येणाऱ्याला थांबावंच लागतं, आणि थांबलेला माणूस गप्प बसत नाही. त्यामुळे किस्से झाडून काढले तरी कोपऱ्यात उरतातच. मला मात्र थांबणं जमत नाही. स्क्रीनवरची पट्टी अडकली की माझा पाय हलायला लागतो!

*

आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटातली सिस्टिम आहे, माझ्याच हट्टानं. पार्टनर जितुभाई शेजारच्या शहाद्याकडचा, तापीकाठचा, घरची केळी. त्याच्या लेखी कुठलंही मशीन म्हणजे शेतातली मोटर. पहिल्यांदा अपडेट अडकलं तेव्हा यानं सरळ मेन स्विच खाली ओढला!

"अरे, काय करतोस?"

"मोटर आडकनी का असंच करनं पडस!"

मशीन परत सुरूच होईना. मी घाम पुसत सगळं नव्यानं टाकलं. हा शेजारी बसून शेंगा खात होता.

*

एकदा अपडेट इतकं रडतखडत उतरत होतं की मी केबल बदलली, राउटर बदलला, इंटरनेटवाल्याशी कडाक्याचं भांडलो. शेवटी सेटिंग उघडलं तर काय, फाइली देणारा सर्व्हर पार साता समुद्रापलीकडचा निवडलेला! जवळचा निवडला आणि पट्टी पळायला लागली.

जितुभाई म्हणे, "शहाद्यानी केळी कोनी मुंबईथून आनस का?"

इंटरनेटवाला अजून माझ्याशी बोलत नाही.

*

पुढच्या वेळी सर्व्हर जवळचा, तरी काही हलेना. मी कमांड दिलेली, पण त्याआधीच जितुभाईनं अपडेटचं बटण दाबून ठेवलेलं. त्याची खिडकी 'हो की नाही?' विचारत मागे लपलेली, आणि माझी कमांड तिचं आटपायची वाट बघतेय. दुपार गेली!

"सांगायचं नाही का?"

"तू कोठे इचारं? तू तं नुसता येरझाऱ्या मारी ऱ्हायंता!"

*

समोर भिकन जीपवाला. डोंगरातल्या गावांकडे जाणारी शेवटची गाडी त्याची. ती भरल्याशिवाय निघत नाही, आणि भरली असं भिकन कधीच म्हणत नाही. माणसं मागे लोंबकळत असली तरी याचं चालूच, "या ना भाऊ, आजून एक बसी जाई!"

*

होस्टेलच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. डोंगरातली शेवंता आली. नर्सिंगला नंबर लागलेला. "होस्टेल नाही मिळालं तर शिक्षण नाही," तिच्या वडिलांनी दारातच सांगितलं आणि ते जीपमध्ये तिची जागा धरायला गेले.

साइट म्हणे, ब्राउझर जुना आहे. मोबाइलवरून फोटो चढेना. अपडेट लावलं. पट्टी जवळजवळ भरली आणि थांबली.

बाहेर भिकनचा हॉर्न. जितुभाईचा हात मेन स्विचकडे गेला.

"हात तर लावून बघ!" मी ओरडलो.

भिकन चिडून आत आला. "कितला येळ? एक जागा बाकी शे!"

"दादा, तुम्ही बाबांना घेऊन निघा," शेवंता म्हणाली. "मी फॉर्म भरूनच येईन."

"येशी कशी?"

ती पट्टीकडेच बघत होती. भिकननंही जरा वेळ पट्टीकडे बघितलं आणि तो बाहेर गेला. मला वाटलं, गेली गाडी! माझा पाय थांबेना.

तेवढ्यात वाटेतल्या गावचा एक जण पिशवी घेऊन धावत आला. "भिकनभाऊ, जागा शे का?"

वडिलांच्या शेजारची रिकामी जागा आम्हाला दुकानातूनही दिसत होती.

भिकन दारात आडवा उभा राहिला. "नही भाऊ. गाडी भरेल शे!"