शंखाचं बारसं

नव्वदच्या दशकात गोडादऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत माझ्या एम.एस्सी.चे दगड आणि आईचे पापड एकाच खाटेखाली नांदत होते. दगड म्हणजे कच्छहून आणलेले अमोनाइट, समुद्रातल्या गुंडाळलेल्या शंखांचे जीवाश्म. मोठ्यांच्या अंगावरच्या रेघा जाड आणि विरळ. एक लहानगा मात्र बारीक, दाट रेघांचा. तसला कुठल्याच पुस्तकात सापडेना, तेव्हा मी घरात जाहीर करून बसले की नवी जात मिळाली, आता तिला नाव द्यायचं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

बातमी ऐकून लिंबायतहून आत्या आली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. तिने कुंची तेवढी शिवून आणली नव्हती.

"नाव ते आत्याच ठेवस," ती म्हणाली. "मना भाऊनं ठेवसू."

बाबा पर्वत पाटियाजवळ एका गुजराती शेठच्या कारखान्यात, कापडाच्या लूमवर कामाला होते. तिथे त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, 'ए मराठी' एवढंच. आपलं नाव पुस्तकात छापून येणार म्हटल्यावर त्यांनी अख्ख्या कारखान्यात पेढे वाटले.

कॉलेजातल्या सरांनी मात्र पेढा बाजूला ठेवला. म्हणाले, "शंख बाहेरून वेढा जोडत वाढतो, जुने वेढे आत तसेच राहतात. मोठ्याचा बाहेरचा वेढा काढ आणि आतलं बालपण याच्याशी ताडून बघ."

घरी सगळ्यांच्या देखत मी छिन्नी लावली. बाहेरचा वेढा निघाला. आत बारीक, दाट रेघा, हुबेहूब लहानग्यासारख्या. म्हणजे जात जुनीच, हे तिचंच पोर.

बाबांनी दोन्ही दगड शेजारी धरून बराच वेळ पाहिले. मला फार वाईट वाटलं, रडूच आलं.

"तुले फोडाले कोनी सांगं व्हतं?" आत्या माझ्यावरच तापली. न फोडता नाव ठेवून मोकळं व्हायला काय झालं होतं, हा तिचा सवाल. मग तिने विचारलं, "तुन्हा परबंध छापाई ना? त्यावर नाव कोनं?"

"माझं. पूर्ण नाव."

"मधलं कोनं?"

"बाबांचं."

बाबांनी दगड खाली ठेवले.

"मंग लगीनना पहिले छापी ले," ते म्हणाले.