पाठमोरी पॅन्सी

आमच्या थोरल्या भावजींचं नाव हंबीरराव. त्यात दोन र हायत. घाईत एक गिळलासा तर माणूस मागं वळून बघायचं न्हाय. मी थट्टा करत न्हाय. ह्या एका र पायी मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात दोन सख्खं भाऊ समोरासमोर राहून नऊ वर्षं एकमेकांशी बोललं न्हाईत.

आधी मी कोण ते सांगतो. मी यल्लव्वा, धाकट्या भावाची, जयसिंगरावांची बायको. माहेर निपाणीकडलं. आणि व्हय, आमच्याकडं बायका 'सांगते' म्हणत न्हाईत, 'सांगतो'च म्हणतात. पुण्याच्या पावण्यांनी हसायचं काम न्हाय.

भावजी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामावर हुते. चौतीस वर्षं. धरणं दुसऱ्यांनी बांधली, पण रेघ ह्यांनी ओढली, म्हणून सगळा ताठा ह्यांच्याकडं. रिटायर झालं तरी खिशातनं बारीक टोकाचं काळं पेन आणि सहा इंची पट्टी जाईना. अक्कांची, म्हणजे माझ्या थोरल्या जावेची भाकरी कुठनं चपटी झाली ते ताटात पट्टी लावून दाखवायचे. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकली की मालकाला रस्त्यावर बोलवायचे. एका साली गणपतीच्या मांडवात बुडबुड्याची लेव्हल घेऊन गेलते, आणि चौरंग पाव इंच कललाय म्हणून पोरांस्नी आरती अर्ध्यात थांबवाय लावली. पोरांनी चौरंगाखाली पुठ्ठा सरकवला आणि पुढच्या सालापासनं आरतीची वेळ ह्यांस्नी चुकीची सांगाय लागली.

तर र चं सांगतो. आमच्या पोराचं, संग्रामचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या, त्यात 'हंबीराव' असं आलं. एक र छापखान्यात राहिला. तपासायचं काम आमच्या मालकांचं, म्हणजे जयसिंगरावांचं, आणि त्यांचा चष्मा त्यादिवशी दुरुस्तीला. भावजींनी पत्रिका हातात घेतली, नावावर पट्टी ठेवली, आणि म्हणालं, "माझ्यातला र काढलासा. उद्या मलाच काढशिला." आणि बोळाच्या मधोमध उभं राहून शपथ घेतली, की ह्या दाराचं तोंड पुन्हा बघणार न्हाय.

आम्ही पाया पडलो, नवीन पत्रिका छापतो म्हणालो. न्हाय म्हणजे न्हाय. लग्नाच्या दिवशी बँड लावून वरात त्यांच्या गॅलरीखालनं गेली, तर हा माणूस आमच्याकडं पाठ करून खुर्चीत पेपर वाचत बसलेला. माझ्या एकुलत्या एका पोराच्या डोक्यावर थोरल्या चुलत्याच्या अक्षता पडल्या न्हाईत. मला लई राग आला हुता, आणि अजून हाय. उगं खोटं कशाला बोलू?

आम्ही जावांनी मात्र ते भांडण घेतलं न्हाय. दोघींस्नी कामं हुती. दहा फुटांचा बोळ, दोन्ही घरच्या गॅलऱ्या पहिल्या मजल्यावर, एकमेकींच्या तोंडासमोर. धोंडुअक्का तिकडनं बोलायच्या, मी हिकडनं. भावजी आले की दोघी कपडे झटकायचो.

मागच्या सप्टेंबरात अक्का मोरीत पाय घसरून पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. वय सत्तरीला आलेलं, साखर वाढलेली, जखम भरंना. डॉक्टर म्हणालं, उन्हाळ्यापर्यंत खाट सोडायची न्हाय. खाट गॅलरीच्या दाराशी टाकली. उशा लावून बसलं की अक्कांस्नी समोर आमची गॅलरी दिसायची, म्हणजे माझ्या वाळत घातलेल्या चादरी.

दवाखान्यात एक कॅलेंडर हुतं. त्यात फुलं हुती, पिवळी, जांभळी, पांढरी, आणि प्रत्येकाला तोंड. काळे डोळे, काळ्या मिशा. त्याला म्हणे पॅन्सी म्हणतात, थंडीचं फूल, आणि त्यात एक लांब लोंबणारी जात असती. अक्का नवऱ्याला म्हणाल्या, "ही तोंडाची फुलं मला खाटंवरनं बघायची हायत. थंडी हाय तवरच. पुढच्या थंडीला मी उठीन न उठीन."

चव्वेचाळीस वर्षांत त्या बाईनं नवऱ्याकडं मागितलेली ही पहिली वस्तू. आणि भावजी हललं बघा! तेवढं मानाय पायजे.

पण हललं ते नकाशा घेऊन. नर्सरीतल्या ऋतुराजकडनं ऑक्टोबरात रोपं आणली, त्याच्या आधी आठ दिवस नुसता कागद. गॅलरीच्या कठड्याला नऊ फुटांची पत्र्याची पन्हळ, तिच्यात माती, शेणखत, नारळाचा भुसा. वरच्या ओळीत पिवळी, मधनं जांभळी, टोकाला पांढरी, सगळी कठड्यावरनं खाली दोन फूट लोंबणार. दोन रोपांत किती इंच, ते पट्टीनं. ऋतुराज म्हणाला, "काका, शेंडे खुडा म्हणजे फुटवा येतोय." भावजी म्हणालं, "शेंडा कितव्या पानावर ते सांग." पोरगं रोपांच्या पिशव्या बांधाय लागलं.

रोज सकाळी झारीनं पाणी. सुकलेलं फूल चिमट्यानं खुडायचं, न्हायतर झाड बी धरतंय आणि फुलायचं थांबतंय. तांबड्या मातीत हात घालणारा माणूस आणि अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. मी चादरीआडनं बघायचो आणि हसायचो.

डिसेंबराच्या शेवटाला पन्हळ फुलली. काय सांगू तुम्हाला! शंभर दीडशे तोंडं, मिशा फेंदारून, तालमीतली पोरं फोटोला बसावीत तशी. रांग सरळ, रंग कागदावर हुते तसेच. येणारी जाणारी बोळात थांबून मान वर करायची.

आणि ती सगळीच्या सगळी तोंडं आमच्याकडं.

झालं काय, की पॅन्सी उजेडाकडं तोंड करती. भावजींची गॅलरी उगवतीकडची. फुलांनी उजेड बघितला आणि घराकडं पाठ फिरवली. अक्कांस्नी खाटंवरनं दिसायचा पत्रा, हिरवे दांडे, आणि फुलांचे मागले देठ. नकाशात हे कळलं कसं न्हाय? तर भावजींनी नकाशा काढलेला समोरून. एलिव्हेशन! इमारतीचं चित्र रस्त्यावर उभं राहून काढायचं असतंय, चौतीस वर्षं तसंच काढलं, तसंच इथं काढलं. बघणारी बाई घरात खाटंवर हाय, एवढीच गोष्ट कागदावर यायची राहिली. माझ्या पोराच्या पत्रिकेत एक र राहिला तर नऊ वर्षं अबोला, आणि ह्यांच्या नकाशातनं अख्खी बायको राहिली!

मी मनात म्हणालो, भोगा आता.

मग सुरू झाला इलाज. पहिल्यांदा बोळात उतरून मोबाईलवर फोटो काढला. अक्का म्हणाल्या, "फोटोत बघाय मी काय परगावी हाय व्हय?" मग बोल्ट काढून पन्हळ उलटी फिरवली, तोंडं घरात. आठवडा गेला न गेला, दांडे पिळवटून सगळी फुलं पुन्हा आमच्याकडं वळली. पन्हळ परत सरळ केली. मग काठीला आरसा बांधून बाहेर धरला. खाली भाजीवाली थांबली, वर मी थांबलो. भावजींनी काठी वर केली, खाली केली, घामाघूम झालं, आणि आतनं अक्कांचा आवाज आला, "राहू द्या. त्यात तुमचंच तोंड दिसतंय. ते चव्वेचाळीस वर्षं बघतोय की!"

भाजीवाली हसली. मी बी हसलो, मोठ्यानं. पण मग अक्का जे बोलल्या, तवा माझं हसू गेलं. त्या म्हणाल्या, "फेब्रुवारी लागला. ऊन तापाय लागलं की ही जळायची. एकदा बघायची हुती, बाकी काय न्हाय." वर म्हणाल्या, "यल्लव्वाच्या कठड्याला लावा की. तिथनं ती माझ्याकडं बघतील."

भावजी काठी घेऊन आत गेलं. दोन दिवस नुसतं पाणी घालाय बाहेर आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोळातनं हाक आली, "घरात कोण हाय का?" मी कठड्यावरनं वाकून बघितलं. भावजी आमच्या दारात, पण दाराकडं पाठ करून. शपथ मोडायची न्हाय ना! समोर कुणाचा तरी हातगाडा लावलेला, त्या गाड्याला सांगत हुते, "नऊ फूट कठडा पायजे. मार्चपर्यंत. ऊन दुपारनंतरचं मिळंल, चालंल."

आमचं मालक लगेच चप्पल घालाय लागलं. गरीब माणूस. मी म्हणालो, थांबा. कपाटातनं ती पत्रिका काढली. नऊ वर्षं साडीच्या घडीत ठेवलेली. खाली गेलो, वळसा घालून गाडा आणि भावजी ह्यांच्या मधी उभी राहिलो.

"भावजी, कठडा देतो," मी म्हणालो. "अक्कांसाठी देतो, तुमच्यासाठी न्हाय. माझ्या पोराच्या लग्नात तुम्ही पाठ करून बसलासा. वरात तुमच्या खालनं गेली. पोरगं तोंड वर करून बघत हुतं, काका दिसतोय का म्हणून. एका अक्षरासाठी तुम्ही त्याला पाठ दाखवलीसा. आता ते अक्षर तुमच्या हातानं घाला, आणि मग पन्हळ आणा."

मला वाटलं, जाईल माणूस निघून. न्हाय गेला. खिशातलं पेन काढलं. पत्रिका गाड्याच्या फळीवर ठेवली. चष्मा वर केला, खाली केला. पट्टी मात्र काढली न्हाय. 'हंबी' आणि 'राव' ह्यांच्या मधी र काढला, अगदी छापल्यासारखा. काढून झाल्यावर बघत राहिलं.

"जागा हुती की," असं म्हणालं. मला न्हाय, त्या पत्रिकेला म्हणालं.

मी पत्रिका घेतली आणि घरात गेलो. जास्त थांबलो असतो तर रडलो असतो, आणि ते मला त्यांच्या म्होरं करायचं नव्हतं.

दुपारी दोघा भावांनी पन्हळ उचलली. बोलणं न्हायच. "म्हणावं, जरा तिरकी धर," भावजी गाड्याला सांगणार. "म्हणावं, पायरी हाय," आमचं मालक भिंतीला सांगणार. जिना चढताना वरलं टोक भावजींकडं, म्हणून ते उलटं चालत, पाठीनं आमच्या घरात शिरलं. बघा म्हणजे! दाराचं तोंड न बघता आत आलं. शपथ शाबूत, माणूस घरात. मी कपाळाला हात लावला.

बोल्ट आवळले. लोंबती बाजू बोळाकडं. माझ्या कठड्यावरनं दीडशे मिशा मावळतीच्या उजेडात, अक्कांच्या खाटंकडं बघाय लागल्या. सव्वा महिना मी फुकटात रोज बघत हुतो ती तोंडं गेली, आता मला बी देठ. जाऊ दे.

अक्कांनी उशीवरनं मान वर काढली. एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत एकेक तोंड बघितलं. मग एकदम, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं हसत त्या ओरडल्या, "अगं यल्लव्वा! ही समदी आमच्या ह्यांच्यावानी रुसल्यात गं! एक बी हसत न्हाय बघ! अहो, ऐकलं का, दीडशे हंबीरराव!"

दोन्ही र म्हटलं त्यांनी, स्पष्ट.

मी मागं चहा घेऊन उभी हुतो. भावजी कठडा धरून, फुलांसारखंच तिकडं तोंड करून उभं. खांदे हलत हुते. हसत हुते का काय, मला ठाऊक न्हाय. मला नुसती पाठ दिसत हुती. कप पन्हळीशेजारी ठेवला आणि मी आत आलो.